डावी बाजू वन्संची

गेलं दीड वर्ष वन्सं चिमट्याला नावं ठेवत होत्या, आणि चिमट्याचा काडीचाही दोष नाही हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

चिमटा म्हणजे केस जोडायचा. विजेवर तापणारा, टोकाला दोन चपट्या दाढा असलेला. विकतच्या लांब बटेच्या टोकाला केराटिनचा टणक ठिपका असतो. तो ठिपका गिऱ्हाइकाच्या मुळाजवळच्या चिमूटभर केसांखाली धरायचा, तीन आकडे मोजेपर्यंत चिमट्यात दाबायचा, आणि मऊ झाला की गरम असतानाच अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये वळायचा. एवढा झाला एक जोड. अशा ऐंशी जोडांनी एक डोकं पुरं होतं. किती वेळ दाबायचं ते खोक्यावर छापलेलं असतं, पण खरं काय ते बोटं सांगतात. ठिपका कमी तापला तर वळत नाही. जास्त तापला तर त्याचा पाक होऊन केसांत खोल उतरतो आणि आतला केस भाजतो, पण वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

वन्सं हे काम अठरा वर्षं करत होत्या. त्यांच्या भावाशी लग्न करून ही घरात आली तेव्हा हिला धड वेणी घालता येत नव्हती. घरात तर हिचा पाय ठरत नसे. खिडकीतून दारात, दारातून ओट्यापाशी. "अगं भिंगरी आहेस की काय!" असं वन्सं वैतागून म्हणाल्या आणि तेच नाव चिकटलं, खरं नाव आता मतदारयादीत तेवढं उरलं होतं. आठव्या दिवशी वन्संनी तिला हाताला धरून दुकानात नेलं. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, दोन खुर्च्या, दोन आरसे, खिडकीखाली बसथांबा. तिथे उभं करून त्यांनी पहिला धडा दिला तो असा: "चिकटवायचं काय कौतुक? शेंबूडही चिकटतो. सोडवता आलं पाहिजे. डोकं जसं घेतलं तसं परत द्यायचं."

त्याला आता नऊ वर्षं झाली. भिंगरीला जे काही येत होतं ते सगळं वन्संनी दिलेलं होतं.

आणि दीड वर्षापूर्वी एक दिवस वन्सं म्हणाल्या, "हा चिमटा हल्ली नीट तापत नाही."

तार बदलली. मग खटका बदलला. मग कोपऱ्यावरच्या विजेच्या माणसाला बोलावलं. त्याने चिमटा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "बाई, याहून तापवलात तर यावर अंडं तळता येईल." वन्संनी त्याला काही कळत नाही असं ठरवून टाकलं आणि तापमानाचं बटण दोन घरं वर सरकवलं. त्याच दुपारी त्या गुणगुणत तीन जोड ओळीने वळत होत्या. चौथा वळायला त्यांनी भिंगरीकडे दिला. तिने बोट लावलं मात्र, ती किंचाळलीच. आठ दिवस बोटावर फोड होता. वन्सं म्हणाल्या, "तुझी कातडी अजून कच्ची आहे."

भिंगरीने त्या दिवशी वन्संच्या अंगठ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. टोक गुळगुळीत, पिवळट, घासून घासून ठसाही गेलेलं. त्या बोटांना गरम कळतच नव्हतं. चिमटा तापत नाही असं वन्संना वाटे, आणि त्या बटण आणखी वर नेत.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की! सांगणं एवढं सोपं असतं तर जगात अर्धी भांडणं झालीच नसती. वन्संचा एकच अभिमान होता. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बाईला त्या सांगत, "माझ्या बोटांना डोळे आहेत." लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, भावाचा संसार उभा करून दिला आणि स्वतःसाठी ही दहा बोटं ठेवली. त्या बाईला तोंडावर कसं सांगायचं, की तुमच्या बोटांचे डोळे गेले? भिंगरीने दहादा तोंड उघडलं आणि दहादा "चहा टाकू का?" असं विचारून मिटलं. तिच्या मनात एकदा आलंसुद्धा, नाचता येईना अंगण वाकडं. मग तिलाच लाज वाटली. वन्संसारखं नाचणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून मग तिने चोरून बटण खाली करायला सुरुवात केली. वन्सं हात धुवायला गेल्या की ही दोन घरं खाली, त्या परत आल्या की तीन घरं वर. दिवसभर हाच खेळ. वर्षभरात तीन बायका तुटके केस घेऊन परत आल्या. वन्संनी तिघींनाही त्यांच्या शाम्पूवरून फैलावर घेतलं. एक रडत गेली ती पुन्हा आली नाही. भिंगरीच्या जिवाला घोर लागला. दुकानात ती खुर्च्या पुसे, पुसलेल्या पुन्हा पुसे, कंगवे मोजे, बस आली की खिडकीशी जाऊन पाही.

अशात औषधवाल्याची मुलगी आली.

औषधाचं दुकान खालीच, जिन्याला लागून. मुलगी लांबच्या आजारातून उठली होती. तापात केस मुठीमुठीने गेले होते आणि आता विरळ, मऊ, कानापर्यंत आले होते. महिन्या-दीड महिन्याने तिला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे थांबा, मग थोडे जोडून घ्यायला हरकत नाही. वन्संनी तिची हनुवटी धरून वर केली. "रडायचं नाही. सहा आठवड्यांनी सकाळी दहाला ये. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं माझ्या हातचं." मुलगी हसली. भिंगरीची नजर चिमट्याच्या बटणाकडे गेली. त्या केसांना वन्संचा चिमटा लागला असता तर मागे डोकं तेवढं उरलं असतं.

त्याच आठवड्यात मशीनवाला आला, आणि भिंगरीला वाटलं देवच पावला.

गळ्यात टाय, हातात पेटी, तोंडात साखर. त्याने टेबलावर सगळ्या पद्धती मांडल्या आणि सुरू केलं. "मॅडम, पहिली टेप. पातळ केसांना उत्तम, पाच मिनिटांत काम."

"आणि घाम आला की पाच मिनिटांत खांद्यावर," वन्सं म्हणाल्या.

"बारीक रिंगा. उष्णता नाही, डिंक नाही."

"उशीवर डोकं टेकलं की खडे टोचतात. मी स्वतः घालून पाहिल्यात. पुढे."

"डिंकाची बंदूक."

"ती खेळण्यांच्या दुकानात विका."

मशीनवाल्याने घाम पुसला. "गरम चिमटा तर तुमच्याकडे..."

"त्याबद्दल तुम्ही मला सांगू नका."

"नाही सांगत," तो शहाणा होता. त्याने पेटीतून एक पांढरं यंत्र काढलं. त्याला एक जाडसर नळी, टोकाला बोटभर लांबीची पकड. "हे ध्वनिलहरींवर चालतं. ठिपका आतल्या आत थरथरून वितळतो. वेळ आपोआप मोजली जाते, वाजलं की सोडायचं."

"गाणंही म्हणतं का?"

"तापत नाही, मॅडम. हेच तर वैशिष्ट्य. हात लावून बघा."

वन्संनी पकडीवर अंगठा टेकवला, क्षणभर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "यात काय विशेष? माझा चिमटाही असाच लागतो."

मशीनवाला हसला, त्याला तो विनोद वाटला. भिंगरीला मात्र कुठे बघावं कळेना. तिने टेबलावरच्या रिंगा उगाच रंगाप्रमाणे लावायला घेतल्या.

तो म्हणाला, सहा आठवडे यंत्र ठेवून घ्या, पसंत नाही पडलं तर फोन करा, परत नेतो. वन्सं नको म्हणणार होत्या. पण भिंगरी मध्येच बोलली. इतक्या जोरात की खालच्या बसथांब्यावरच्या माणसाने वर पाहिलं. "माझ्या डोक्यावर करून बघू या! निम्मं चिमट्याने, निम्मं मशीनने. सहा आठवडे. मग मोजू, कुणाचे किती टिकले."

वन्संच्या डोळ्यांत चमक आली. त्यांना पैज कधी नको नसे. "हातच्या काकणाला आरसा कशाला? बरं, होऊन जाऊ दे. डावी बाजू माझी."

भिंगरीचा हिशेब सरळ होता. भाजलेला केस सहा आठवड्यांत तुटणारच. डावी बाजू गळेल, उजवी टिकेल. वन्सं बोलून-चालून कामाचं माणूस, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की त्या आपणहून चिमटा बाजूला ठेवतील, यंत्र घेतील, औषधवाल्याच्या मुलीचे केस वाचतील, आणि बोटांचा विषय काढायची वेळच येणार नाही. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली. वन्संनी डावीकडे चाळीस जोड लावले. कातडीला झळ लागू नये म्हणून जोडाखाली प्लास्टिकची चकती अडकवतात, तीही लावली होती. पण बटण इतकं वर होतं की कानामागच्या ओळीत चकतीच मऊ पडली.

"चटका नाही ना बसत?" वन्संनी विचारलं. हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

"छे!"

"मग डोळ्यांत पाणी का?"

"आरशातून ऊन येतंय."

वन्संनी उठून पडदा ओढला आणि पुन्हा चिमटा उचलला. भिंगरी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कानामागे चार ठिकाणी भाजलं.

उजवी बाजू भिंगरीने स्वतःच केली, दोन आरसे समोरासमोर ठेवून. वन्सं भाग पाडून देत, केसांची चिमूट मोजून धरत, आणि ही यंत्र दाबे. आरशात सगळं उलटं दिसतं. डावं म्हणून हात नेला की उजवीकडे जाई. तरी चाळीस झाले. वन्सं बाजूने बोलत होत्याच. "बरोबर धर. अगं, वाजलं ना, सोड आता. हे मशीन सासूसारखं, सारख्या सूचना देतं."

आणि मग सुरू झाले ते सहा आठवडे.

दुसऱ्याच आठवड्यात पहिला जोड पडला. उजवीकडचा. बेसिनमध्ये लांब बट शेपटीसारखी पडली होती. चौथ्या दिवशी दुसरा. मग बसमध्ये एक, जिन्यात एक, एक तर नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत. "अगं, तुझा अर्धा भाग गळतोय," तो म्हणाला. त्याला या सगळ्यातलं काही माहीत नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर-खाली एवढंच त्याचं जग. डावीकडचे जोड मात्र ढिम्म. ती रोज आरशापुढे उभी राहून एकेक ओढून पाही. दगड होते दगड. पाक होऊन खोल उतरलेलं केराटिन गोठून बसलं होतं.

असं कसं? तिला उलगडा होईना. यंत्र वाईट होतं, की तिचा हात? ती दुकानात येरझारा घाली. फणी शोधायला जाई आणि हातातच फणी असे. वन्सं रोज संध्याकाळी तिचं डोकं फिरवून उजवीकडची रिकामी जागा पाहत आणि समाधानाने हुं म्हणत.

चौथ्या आठवड्यात नवराच सहज बोलून गेला. "हल्ली तू फार तळमळतेस. सारखी त्या एकाच कुशीवर, उशीवर डोकं घुसळत असतेस."

"कुठल्या?"

"उजव्या."

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डावीकडे टेकवतच नव्हतं. कानामागच्या खपल्या दुखत होत्या, म्हणून ती रोज उजव्या कुशीवर झोपत होती, आणि उजवीकडचे जोड बिचारे उशीवर घासून घासून सैल होत होते. वन्संनी दिलेल्या चटक्यांनीच वन्संची बाजू सांभाळली होती. काय म्हणावं या कर्माला! आणि हे सांगायचं तर आधी चटके सांगायला हवेत. चटके सांगायचे तर बोटं सांगायला हवीत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

औषधवाल्याची मुलगी आता रोज जिन्यात भेटू लागली होती. "दोनच आठवडे राहिले, मावशी!" ती भिंगरीला सांगे, आणि आपल्या विरळ केसांवरून हात फिरवी. भिंगरीला तिच्याकडे बघवत नसे.

मग तिने ते केलं. केस जोडणाऱ्या बाईने कधीच करू नये असं. गिऱ्हाइकाला वन्सं शंभरदा बजावत, जोडाला तेलाचा थेंब लागता कामा नये, तेलाने पकड सुटते. भिंगरी रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून डाव्या बाजूच्या मुळांना तेल चोळू लागली. एकेक जोड हुडकून. तेल लावून झालं की हात साबणाने तीनदा धुवायचे. आपण चोर आहोत असं तिला वाटे, आणि ती होतीच. आपल्याला शिकवणाऱ्या बाईच्या कामाला ती तेल लावत होती, आणि एवढं करूनही दोन आठवड्यांत डावीकडचे फक्त दोन पडले.

मोजणीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी दहाला मुलगी येणार होती.

वन्संनी चष्मा लावला, फणीच्या दांड्याने भाग पाडत पाडत मोठ्याने मोजलं. उजवीकडे एकोणतीस. डावीकडे अडतीस. दोनदा मोजलं. मग त्यांनी फणी खाली ठेवली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या! "अठरा वर्षं गं! मशीनला काय कळतंय?" लगेच फोन उचलून मशीनवाल्याला सांगूनही टाकलं, उद्या दुपारी येऊन तुमचं खेळणं घेऊन जा.

भिंगरी खुर्चीत बसून राहिली. आता बोललंच पाहिजे, आत्ता, या क्षणी. "वन्सं..."

"बस, बस. सोडवूनच टाकू. आजच डोकं मोकळं करते तुझं."

उजवी बाजू आधी घेतली. जोडावर तो सोडवायच्या पातळ औषधाचा थेंब, साध्या पकडीने एक दाब, जोडाचा भुगा, आणि बट अलगद हातात. अर्ध्या तासात एकोणतीसच्या एकोणतीस निघाले. खालचे केस होते तसेच. "सुटतात मात्र छान," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच पडतात."

मग त्या डावीकडे आल्या. पहिल्या जोडाशी वाकल्या आणि थांबल्या. नाक जवळ नेलं.

"तेल?"

भिंगरीने दोन्ही हात मांडीखाली लपवले.

"तू तेल लावलंस? माझ्या बाजूला?" आवाज चढला नव्हता, उतरला होता. "माझे पडावेत म्हणून?"

"हो."

"का गं? मी तुझं काय वाकडं केलं?" वन्संचा चेहरा कसनुसा झाला. "दुकान तुझंच आहे माझ्यामागे. तुला मशीन हवं होतं तर मागायचंस. असं पाठीमागून... पैज हरले असते तर चाललं असतं, पण हे?"

भिंगरीने तोंड उघडलं, आणि तिला चहाशिवाय दुसरं काही सुचेना. वन्सं वाट पाहून पाहून कामाला लागल्या. रागातही त्यांचा हात झटका देत नसे. औषधाचा थेंब टाकला. पकडीने दाबलं. जोड फुटला नाही. पुन्हा थेंब, पुन्हा दाब. हळूच खाली ओढला.

बट हातात आली, आणि तिच्या टोकाला जोड तसाच होता, आणि जोडात भिंगरीचे केस होते. मुळापासून नव्हेत. जिथे चिमटा लागला होता तिथून तुटलेले.

वन्संनी दुसरा घेतला. दुप्पट औषध घातलं, मनात आकडे मोजले. तोही तसाच आला. तिसराही. मग त्या खिडकीशी गेल्या आणि उजेडात ते केस चष्म्याजवळ धरले. कितीतरी वेळ धरले. खाली दोन बसगाड्या येऊन गेल्या.

परत येऊन त्यांनी भिंगरीचा कान पुढे केला. मागच्या खपल्या पडून गेल्या होत्या, चार तांबूस डाग उरले होते. वन्संनी डागांवरून अंगठा फिरवला.

"हे मी केलं?"

भिंगरी आरशात बघत होती. मान हलवली की नाही ते तिलाच कळलं नाही.

वन्संनी चिमटा लावला. लाल दिवा हिरवा होईपर्यंत उभ्या राहिल्या. एक सुटी बट घेतली, ठिपका दाबला, आणि नेहमीसारखा अंगठ्यात न् बोटात वळायला लागल्या. वळत राहिल्या. खोलीत करपल्याचा वास आला. भिंगरीने उडी मारून त्यांचा हात ओढला. अंगठ्यावर पांढरा चट्टा उठत होता.

"काही नाही गं लागलं," वन्सं म्हणाल्या. आपल्याच आवाजाने त्या दचकल्या. खाली स्टुलावर बसल्या. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"माझ्या बोटाला फोड आला तेव्हापासून."

"दीड वर्ष?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता, बोटांना डोळे आहेत. माझ्या तोंडून..."

"मी सांगते! मी काय वाटेल ते सांगते. मला वेडीला सांगायला तू नको होतीस?" आता आवाज चढला. "डोकं भाजून घेतलंस, सहा आठवडे भाजकं डोकं घेऊन फिरलीस, तेल चोळलंस चोरासारखं, पण तोंड उघडलं नाहीस! आणि त्या तिघी? त्यांना मी शाम्पूवरून वाटेल ते बोलले. एक तर या खुर्चीत बसून रडली. ती काय म्हणत असेल मला?"

वन्संचा मान राखता राखता भिंगरीने तिघींची डोकी वन्संच्या हाती दिली होती, हे तिने आजवर असं उघड कधी मनाशी म्हटलं नव्हतं. ती रडायला लागली. वन्सं रडल्या नाहीत. त्या चिमट्याकडे बघत होत्या.

"चांगला चिमटा होता गं," त्या म्हणाल्या. "उगाच दोष दिला त्याला."

त्यांनी उठून तार काढली, चिमटा गार व्हायला ठेवला, मग फडक्यात गुंडाळून खणात टाकला. मशीनवाल्याला पुन्हा फोन केला. "उद्या येऊ नका. का म्हणजे? सांगितलं ना, येऊ नका!" फोन ठेवून त्या भिंगरीकडे वळल्या. "उद्या त्या पोरीचं तू करायचं. मी भाग पाडून देईन, चिमूट मी धरीन, तेवढं मला दिसतं. दहा-बाराच लावायचे. कानामागे एकही नको. आणि ती बसली की आधी मी तिला सांगणार, की मी म्हटलं होतं माझ्या हातचं, पण माझा हात गेलाय."

"वन्सं, असं नका सांगू."

"पुन्हा तेच?" वन्सं म्हणाल्या.

डावीकडे अजून पस्तीस जोड होते. भिंगरी म्हणाली, कात्रीच लावा, वाढतील परत. वन्सं म्हणाल्या, "कात्री कोणीही लावेल. तुझं तेल आण."

तेल आलं. वन्संनी ते कोमट केलं, आणि किती कोमट ते भिंगरीला बोट बुडवून बघायला लावलं. मग चष्मा पुसून मागे उभ्या राहिल्या. पहिल्या जोडावर तेल, मग औषध, मग पुन्हा तेल. त्या धीराने अंगठ्याने तो चुरू लागल्या. पस्तीस जोड असे करायचे तर दुपार जाणार होती, संध्याकाळही. खाली औषधवाल्याच्या मुलीचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होती, उद्या दहाला. भिंगरीचा पाय हलायला लागला.

"पाय थांबव," वन्सं म्हणाल्या. "आणि दुखलं की सांग. मला कळणार नाही."

"हो."

जोड थोडा चुरला, थोडा अडला. वन्संनी जरा ओढ दिली. कानामागे कळ गेली. नऊ वर्षांच्या सवयीने भिंगरीच्या जिभेवर 'छे' आलंच होतं. आरशात वन्सं तिच्याकडे बघत होत्या, हात तसाच ठेवून.

"दुखतंय, वन्सं," ती म्हणाली.

वन्संनी लगेच हात सैल सोडला आणि पुन्हा तेल घेतलं.